उत्तम प्रथांची देवघेव : युरोपातील सीमापार रोजगार व कौशल्य भागीदाऱ्यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

रोजगार आणि कौशल्यविकास या क्षेत्रांत गेल्या तीन दशकांत ‘उत्तम प्रथा’ हा शब्दप्रयोग सर्वत्र रूढ झाला आहे. एखाद्या देशातील, प्रांतातील किंवा संस्थेतील उपक्रम यशस्वी ठरला की त्याची नोंद करावी, ती इतरांपुढे मांडावी आणि इतरांनी तिचे अनुकरण करावे, अशी यामागील साधी धारणा आहे. ही धारणा अतिशय पद्धतशीरपणे आणि मोठा खर्च करून राबवली गेली ती युरोपीय संघात. निरनिराळ्या देशांतील रोजगार कार्यालये, प्रशिक्षण संस्था, कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था आणि नगरपालिका यांना एकत्र आणणे, त्यांच्या भागीदाऱ्या घडवणे आणि त्यांतून अनुभवांची देवघेव साधणे हा संघाच्या सामाजिक धोरणाचा स्थायी भाग बनला.

या प्रयत्नांविषयीचे बरेचसे लेखन प्रकल्प राबवणाऱ्या किंवा त्यांना निधी देणाऱ्या संस्थांकडून झालेले असल्यामुळे त्यात यशाचा सूर ठळक असतो. प्रस्तुत लेखात मात्र एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. उत्तम म्हणून गौरवलेली प्रथा जेव्हा सीमा ओलांडते, तेव्हा नेमके काय पलीकडे जाते आणि काय मागे राहते? या प्रश्नाच्या अनुषंगाने ‘ईक्वल’ उपक्रम, युवा हमी योजना, जर्मन दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचे स्पेनमधील अनुकरण आणि ऱ्हाईन नदीच्या दोन तीरांवरील शिकाऊ उमेदवारी अशी चार उदाहरणे तपासली आहेत. अखेरीस महाराष्ट्रातील महाविद्यालयांशी या प्रश्नाचा जो प्रत्यक्ष संबंध येतो, त्याचा विचार केला आहे.

उदाहरणाने राज्य करण्याची पद्धत

युरोपीय संघाने अनुभवांच्या देवघेवीवर एवढा भर का दिला, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. १९५७ च्या रोम करारातच युरोपीय सामाजिक निधीची तरतूद होती. तथापि शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि रोजगार या विषयांवरील कायदे करण्याचा अधिकार सदस्य राष्ट्रांनी आपल्याकडेच राखला. व्यवसाय प्रशिक्षणाबाबत राष्ट्रांचे कायदे एकसारखे करण्यास संघाच्या करारांनीच मनाई केली आहे. त्यामुळे या क्षेत्रात संघाच्या हाती दोनच साधने उरतात. एक पैसा आणि दुसरे उदाहरण. १९९७ मध्ये लक्झेंबर्ग येथे युरोपीय रोजगार धोरणाला प्रारंभ झाला आणि २००० मध्ये लिस्बन येथे ‘खुल्या समन्वयाची पद्धत’ स्वीकारण्यात आली. सामायिक उद्दिष्टे ठरवावीत, प्रत्येक राष्ट्राने आपला अहवाल सादर करावा, परस्परांच्या कामाचे परीक्षण करावे आणि चांगले ते उचलावे, असे तिचे स्वरूप होते.

म्हणजेच उत्तम प्रथांची देवघेव ही ज्ञानाच्या ओढीतून जेवढी निर्माण झाली, तेवढीच ती अधिकाराच्या अभावातूनही निर्माण झाली. ज्याला आज्ञा करता येत नाही, त्याने दाखला द्यावा, असा हा मार्ग आहे. या मार्गाचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही येथूनच उद्भवतात. दाखला देताना तो आकर्षक करून सांगावा लागतो. तो आकर्षक करताना त्यातील अडचणींचा, खर्चाचा आणि स्थानिक परिस्थितीचा भाग गळून पडण्याची शक्यता असते.

‘ईक्वल’ : शिकण्याची रचना आणि तिचा शेवट

सीमापार भागीदारीची सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना म्हणून ‘ईक्वल’ या उपक्रमाचा उल्लेख करावा लागेल. २०००-२००६ या निधिकालासाठी युरोपीय सामाजिक निधीतून त्याला सुमारे ३ अब्ज युरो देण्यात आले आणि सदस्य राष्ट्रांनी त्यात आपला वाटा घातला. २००१ आणि २००४ अशा दोन फेऱ्यांत भागीदाऱ्यांची निवड झाली आणि त्यांची एकूण संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. श्रमबाजारातील भेदभाव आणि विषमता दूर करण्याचे नवे मार्ग शोधणे हा उपक्रमाचा हेतू होता. रोजगारक्षमता, उद्योजकता, बदलत्या कामाशी जुळवून घेण्याची क्षमता, स्त्री-पुरुष समानता आणि आश्रयार्थींचे प्रश्न असे त्याचे विषय होते.

या उपक्रमाची तीन वैशिष्ट्ये लक्षणीय होती. पहिले असे, की निधी एखाद्या एकट्या संस्थेला न देता एका प्रदेशातील किंवा व्यवसायक्षेत्रातील अनेक संस्थांच्या ‘विकास भागीदारी’ला दिला जाई. दुसरे असे, की अशा प्रत्येक भागीदारीला दुसऱ्या सदस्य राष्ट्रातील किमान एका भागीदारीशी सहकार्याचा करार करणे बंधनकारक होते. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे होते. तयारी, प्रत्यक्ष काम आणि निष्कर्षांचा प्रसार हे तीन स्वतंत्र टप्पे मानले गेले होते. चांगला प्रयोग आपोआप पसरत नाही, तो धोरणाच्या मुख्य प्रवाहात आणण्यासाठी वेगळे श्रम आणि वेगळा पैसा लागतो, ही जाणीव त्यामागे होती. भारतातील अनेक प्रकल्पांत आजही ही जाणीव आढळत नाही, हे लक्षात घेता ‘ईक्वल’च्या रचनाकारांच्या दूरदृष्टीचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

असे असले तरी या रचनेतच एक विसंगती होती. परदेशी भागीदाराशी करार पहिल्या टप्प्यातच करावा लागे, म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी. ज्या वेळी सांगण्यासारखे काहीच हाती नाही, त्या वेळी कोणाला काय सांगायचे ते ठरवायचे, अशी ही स्थिती होती. साहजिकच जोडीदाराची निवड अनुभवाच्या गरजेपेक्षा विषयाच्या साम्यावरून होण्याकडे कल राहणार. दोन्ही भागीदाऱ्या दीर्घकालीन बेरोजगारांसाठी काम करतात, एवढ्यावरून त्यांच्या अडचणी सारख्या ठरत नाहीत. एका ठिकाणी प्रश्न कौशल्याचा असेल, तर दुसऱ्या ठिकाणी तो बालसंगोपनाच्या सोयीचा किंवा बसच्या वेळापत्रकाचा असू शकतो.

दुसरी अडचण माणसांची होती. अभ्यासभेटी, परिसंवाद आणि पुस्तिका हे देवघेवीचे नेहमीचे प्रकार आहेत. या भेटींवर जाणारी व्यक्ती बहुधा प्रकल्पाची कर्मचारी असते आणि तिची नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. ज्या अधिकाऱ्याला आपल्या कार्यालयाचा नियम बदलता येतो, तो या प्रवासात असेलच असे नाही. परिणामी शिकलेले ज्ञान अशा व्यक्तीजवळ जमा होते, की जिला ते वापरण्याचा अधिकार नसतो आणि जी प्रकल्प संपताच दुसऱ्या कामावर निघून जाते.

जेथे हा दुवा जुळला तेथे ‘ईक्वल’चे फळ टिकले. जर्मनीत आश्रयार्थींच्या रोजगारासाठी ज्या भागीदाऱ्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या अनुभवाच्या आधारावर २००८ मध्ये निवासहक्क मिळालेल्या व्यक्ती व निर्वासित यांच्यासाठी एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. येथे प्रयोग संपण्याच्या सुमारास तो उचलून धरणारे मंत्रालय उपलब्ध होते. सर्वत्र तसे घडले नाही. २००७-२०१३ या पुढील निधिकालात ‘ईक्वल’सारखा स्वतंत्र उपक्रम उरला नाही. सीमापार सहकार्य सामाजिक निधीच्या सर्वसाधारण चौकटीत विलीन करून ते करायचे की नाही, हे सदस्य राष्ट्रांच्या इच्छेवर सोडण्यात आले. अनुभव जपणाऱ्या रचनेचाच अनुभव असा पुरेसा जपला गेला नाही, असे म्हणावे लागते.

युवा हमी : आकडा गेला, व्यवस्था राहिली

दुसरे उदाहरण युवा हमी योजनेचे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर युरोपात तरुणांची बेरोजगारी झपाट्याने वाढली. २०१३ मध्ये ग्रीस आणि स्पेन या देशांत श्रमबाजारात असलेल्या २५ वर्षांखालील तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेरोजगार होते. जर्मनीत मात्र हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. या पार्श्वभूमीवर २२ एप्रिल २०१३ रोजी संघाच्या मंत्रिपरिषदेने अशी शिफारस केली, की शिक्षण संपल्यापासून किंवा काम सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत २५ वर्षांखालील प्रत्येक तरुणाला नोकरी, पुढील शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून संधी मिळावी.

ही कल्पना काही नवी नव्हती. नॉर्डिक देशांत तिची परंपरा होती आणि ऑस्ट्रियाने २००८ मध्ये प्रशिक्षण हमी लागू केली होती. ज्या तरुणाला कोणत्याही कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून जागा मिळत नाही, त्याला कंपन्यांबाहेरील कार्यशाळेत संपूर्ण प्रशिक्षण देण्याची सोय ऑस्ट्रियाने केली. फिनलंडचा दाखला तर वारंवार दिला गेला. २०११ मध्ये तेथील ८३.५ टक्के तरुण रोजगारेच्छूंना नोंदणीपासून तीन महिन्यांच्या आत संधी मिळाली, हा आकडा त्या काळातील धोरणविषयक चर्चेत सतत उद्धृत होत असे.

या आकड्याचा प्रवास चिकित्सेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तो रोजगार कार्यालयात नोंदणी केलेल्या तरुणांविषयीचा होता. फिनलंडमध्ये नोंदणी करण्याची सवय होती. प्रत्येक तरुणाशी बोलून त्याचा वैयक्तिक आराखडा करणारे कर्मचारी होते आणि देऊ करण्यासारख्या जागाही होत्या. दक्षिण युरोपात नेमक्या याच तीन गोष्टींचा तुटवडा होता. ज्याने कार्यालयाकडून काही मिळण्याची आशा सोडली आहे, तो नोंदणीलाच येत नाही. जो येतो त्याच्याशी सविस्तर बोलायला पुरेशी माणसे नसतात. आणि बोलणे झाले तरी पुढे करायला जागा नसते. पंचवीस टक्क्यांहून अधिक युवा बेरोजगारी असलेल्या प्रदेशांसाठी संघाने सहा अब्ज युरोंहून अधिक निधी दिला. परंतु निधीने कर्मचाऱ्यांचा अनुभव आणि तरुणांचा विश्वास विकत घेता येत नाही. ते वर्षानुवर्षांच्या कामातून येतात.

युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१७ च्या अहवालात सात सदस्य राष्ट्रांची तपासणी केली. काही प्रगती झाल्याचे त्याने मान्य केले. तथापि शिक्षणातही नाहीत आणि कामातही नाहीत अशा सर्व तरुणांना चार महिन्यांत संधी देणे या सातपैकी एकाही राष्ट्राला साधले नव्हते, असा निष्कर्ष त्याने नोंदवला. सर्वांपर्यंत पोहोचणे केवळ संघाच्या निधीतून शक्य नाही, हेही त्याने स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२० मध्ये या योजनेला बळकटी देऊन वयोमर्यादा ३० करण्यात आली आणि दूर राहिलेल्या तरुणांपर्यंत स्वतः जाण्यावर भर देण्यात आला. पहिल्या सात वर्षांतील अनुभवाचा हा स्वीकारच होय. युवा हमीमुळे अनेक देशांना आपल्या रोजगार कार्यालयांच्या दुरवस्थेकडे पाहणे भाग पडले, हा तिचा खरा लाभ मानावा लागेल. ती वाया गेली असे म्हणणे त्यामुळेच अन्यायाचे ठरेल. मात्र जे अखेरीस लक्षात आले, ते प्रारंभीच विचारता आले असते.

जर्मन दुहेरी पद्धती आणि स्पेन

जर्मनीची दुहेरी प्रशिक्षण पद्धती ही बहुधा जगातील सर्वाधिक अनुकरणीय मानली गेलेली कौशल्यप्रथा असावी. तरुण उमेदवार आठवड्यातील काही दिवस कंपनीत काम शिकतो आणि उरलेल्या दिवशी व्यवसाय शाळेत जातो, हे तिचे बाह्य रूप सर्वपरिचित आहे. डिसेंबर २०१२ मध्ये बर्लिन येथे जर्मनीने स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस, स्लोव्हाकिया आणि लाटव्हिया यांच्याशी व्यवसाय शिक्षणातील सहकार्याचे निवेदन स्वीकारले. जुलै २०१३ मध्ये लाइपझिग येथे युरोपीय शिकाऊ उमेदवारी आघाडीची स्थापना झाली. स्पेनने त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ च्या राजाज्ञेने, दुहेरी व्यवसाय प्रशिक्षणाला प्रारंभ केला होता.

या पद्धतीचे बाह्य रूप उचलणे फारसे कठीण नाही. तिचा कणा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. जर्मनीत कंपन्यांना वाणिज्य-उद्योग मंडळांचे किंवा कारागीर मंडळांचे सदस्यत्व कायद्यानेच घ्यावे लागते. ही मंडळे प्रशिक्षण करारांची नोंद ठेवतात, प्रशिक्षणाची जागा योग्य आहे की नाही ते पाहतात आणि परीक्षा घेतात. प्रत्येक व्यवसायाचा अभ्यासक्रम मालक, कामगार संघटना आणि शासन यांच्या वाटाघाटींतून ठरतो. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने या व्यवस्थेला राष्ट्रीय चौकट दिली. तीन किंवा साडेतीन वर्षांनी मिळणारे प्रमाणपत्र देशातील कोणत्याही मालकाला ओळखीचे असते, कारण त्या प्रमाणपत्राचा अर्थ ठरवण्यात मालकांचाही हात असतो. थोडक्यात, दुहेरी पद्धती म्हणजे अध्यापनाची रीत एवढेच नव्हे, तर परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या तीन पक्षांमधील तो एक जुना तह आहे.

स्पेनमध्ये व्यवसाय शिक्षणाची परंपरा शाळाकेंद्री होती. त्याचा कारभार सतरा स्वायत्त प्रांतांकडे विभागलेला होता आणि अर्थव्यवस्थेत अगदी लहान उद्योगांचे प्राबल्य होते. पाच माणसांच्या कार्यशाळेला प्रशिक्षक म्हणून एक माणूस मोकळा ठेवणे परवडत नाही. त्यामुळे शाळेनेच कंपन्या शोधाव्यात, शिक्षकांनीच त्यांच्याशी बोलणी करावीत, आणि विद्यार्थ्याला वेतन, विद्यावेतन की काहीच नाही हे प्रांताप्रांतांत वेगवेगळे ठरावे, अशी स्थिती झाली. मोठे उद्योग असलेल्या भागांत ही पद्धती रुजली. परंतु एकूण व्यवसाय शिक्षणात तिचा वाटा दशकभर अल्पच राहिला. मार्च २०२२ च्या कायद्याने स्पेनने सर्वच व्यवसाय शिक्षणाला कमी-अधिक प्रमाणात दुहेरी स्वरूप देण्याचे ठरवले आणि अधिक सघन प्रकारात कराराची व वेतनाची तरतूद केली. हा कायदा जर्मन नमुन्याची नक्कल नाही. दहा वर्षांत स्वतःच्या परिस्थितीशी झगडून काढलेला तो स्पेनचा मार्ग आहे, आणि म्हणूनच तो पहिल्या प्रयत्नापेक्षा आश्वासक वाटतो.

याच काळातील आणखी एक घटना दुर्लक्षून चालणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये जर्मनीने ‘मोबिप्रो’ हा कार्यक्रम सुरू केला. युरोपातील बेरोजगार तरुणांना जर्मन भाषा शिकण्यासाठी, प्रवासासाठी आणि जर्मनीत प्रशिक्षण घेताना निर्वाहासाठी त्यातून साहाय्य मिळे. त्याला प्रतिसाद एवढा मिळाला, की एप्रिल २०१४ मध्ये निधीअभावी नवे अर्ज थांबवावे लागले. म्हणजे एकीकडे प्रथा दक्षिणेकडे पाठवली जात होती आणि दुसरीकडे तरुण उत्तरेकडे बोलावले जात होते. दोन्ही गोष्टींत गैर काही नाही. तथापि ज्ञानाची देवघेव आणि मनुष्यबळाची भरती हे दोन वेगळे व्यवहार आहेत. एका व्यवहाराला दुसऱ्याचे नाव दिले, तर कोणाचा लाभ किती याचा हिशेब लागत नाही.

ऱ्हाईनचे दोन तीर

चौथे उदाहरण आकाराने लहान, पण अर्थाने मोठे आहे. ऱ्हाईन नदीच्या पश्चिम तीरावर फ्रान्सचा अल्सास प्रांत आहे आणि पूर्व तीरावर जर्मनीचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य. पूर्वेकडे शिकाऊ उमेदवारांच्या जागा रिकाम्या राहत आणि पश्चिमेकडे तरुण कामाच्या शोधात असत. सप्टेंबर २०१३ मध्ये झालेल्या करारानुसार अल्सासमधील उमेदवाराने फ्रेंच व्यवसाय शाळेत शिकावे, जर्मन कंपनीत काम करावे आणि वेतन त्या कंपनीकडून घ्यावे, अशी सोय झाली.

या व्यवस्थेत आकर्षक पुस्तिकेत छापण्यासारखे फारसे काही नव्हते. तिचा गाभा होता तो कंटाळवाण्या तपशिलांत. शाळेचा खर्च कोणी द्यायचा, अपघात झाल्यास विमा कोणत्या देशाचा, कोणत्या देशाची परीक्षा द्यायची, जर्मन कायद्याखालील करार फ्रेंच शाळेने कसा मान्य करायचा, अशा प्रश्नांची उत्तरे दोन्ही बाजूंनी बसून काढली. येथे कोणी गुरू नव्हता आणि कोणी शिष्य नव्हता. दोघांनाही आपापल्या नियमांत थोडी जागा करावी लागली.

तरीही ही भागीदारी किती नाजूक होती, हे लवकरच दिसून आले. उमेदवारांची संख्या काही शेकड्यांतच राहिली. अल्सासमधील जर्मन बोली नव्या पिढीत मागे पडत गेल्यामुळे भाषेची अडचण वाढली होती. त्यातच फ्रान्सने सप्टेंबर २०१८ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीच्या वित्तव्यवस्थेची पुनर्रचना केली आणि हा अधिकार प्रांतांकडून काढून व्यवसायक्षेत्रनिहाय मंडळांकडे सोपवला. हा बदल करताना सीमेवरील मूठभर उमेदवारांचा विचार केंद्रस्थानी असण्याचे कारण नव्हते. परंतु प्रांताने केलेल्या जुन्या कराराचा आर्थिक आधार त्यामुळे निसटला. ही वाट पुन्हा बांधण्यासाठी फ्रान्सला फेब्रुवारी २०२२ मध्ये कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये सीमेवरील लोतेरबुर्ग येथे दोन्ही देशांनी नवा करार केला. प्रांतांच्या पातळीवर सुरू झालेली व्यवस्था अशा रीतीने दोन राष्ट्रांच्या करारापर्यंत पोहोचली. शंभर परिसंवादांतून जे शिकायला मिळणार नाही, ते या दहा वर्षांनी शिकवले. भागीदारीची कसोटी करारावर सह्या झाल्या त्या दिवशी लागत नाही. एका बाजूचा नियम बदलतो त्या दिवशी ती लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

वरील विवेचन दूरदेशीचे वाटले, तरी त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील एका राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्यासंबंधी करार केला. ऱ्हाईनच्या पूर्व तीरावरील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हेच ते राज्य. तत्पूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झाला होता. मार्च २०२४ पासून जर्मन कायद्यात ‘मान्यता भागीदारी’ची सोय आहे. स्वदेशात किमान दोन वर्षांचे शासनमान्य प्रशिक्षण घेतलेली आणि जर्मन भाषेचे प्राथमिक ज्ञान असलेली व्यक्ती तिच्यामुळे जर्मनीत काम करता करता आपल्या पात्रतेला मान्यता मिळवू शकते.

येथे अनेक तरुणांचे भवितव्य पणाला लागले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अनेक अभ्यासक्रम एक वर्षाचे, तर काही दोन वर्षांचे आहेत. दोन वर्षांची अट लक्षात घेतली, तर यांपैकी कोणाला वाट मोकळी आणि कोणाला बंद, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच समजायला हवे. भाषेचा प्रश्नही तेवढाच मूलभूत आहे. नदीपलीकडच्या अल्साससारख्या शेजाऱ्याला जी अडचण आली, ती लातूर किंवा गोंदियाच्या तरुणाला येणार नाही, असे मानण्याला आधार नाही. त्याचबरोबर हा व्यवहार भरतीचा आहे की देवघेवीचा, हेही स्पष्टपणे विचारायला हवे. तो भरतीचा असल्यास वेतन, निवास आणि परतीची वाट यांचा विचार प्रधान ठरेल. तो देवघेवीचा असल्यास येथील प्रशिक्षण संस्थांमध्ये, त्यांच्या शिक्षकांमध्ये आणि प्रमाणपत्रांच्या मान्यतेमध्ये काय बदल होणार, हे सांगता आले पाहिजे.

हा प्रश्न महाविद्यालयांच्याही दाराशी आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक देण्यात आले. त्यामुळे स्पेनमधील शिक्षकांप्रमाणे येथील प्राध्यापकांवरही विद्यार्थ्यांसाठी उद्योग शोधण्याची जबाबदारी आली आहे. जेथे उद्योगांची संघटित मंडळे ही जबाबदारी वाटून घेत नाहीत, तेथे ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाने तालुक्याच्या गावी असे कितीसे उद्योग शोधावेत, हा प्रश्न गैरलागू नाही. सामंजस्य करारांची संख्या वाढवून त्याचे उत्तर मिळणार नाही.

उत्तम प्रथांच्या नोंदीबाबतही हेच म्हणता येईल. नॅकच्या २०१७ च्या सुधारित पद्धतीतील सातव्या निकषात प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या दोन ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ मांडाव्यात, अशी अपेक्षा होती. त्यासाठीच्या नमुन्यात संदर्भ, प्रत्यक्ष उपक्रम आणि यशाचे पुरावे यांबरोबरच आलेल्या अडचणी आणि लागलेली साधनसामग्री यांसाठीही जागा होती. युरोपचा अनुभव पाहता दुसऱ्या महाविद्यालयाच्या दृष्टीने हाच रकाना सर्वाधिक मोलाचा आहे. मूल्यांकनाच्या धाकाने तोच दोन ओळींत आटोपण्याचा मोह होतो. गुण मिळवण्यासाठी लिहिलेली प्रथा आणि दुसऱ्याला शिकता यावी म्हणून लिहिलेली प्रथा यांत हा फरक पडतो.

निष्कर्ष

वरील चार उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. प्रथेचे बाह्य रूप सहजपणे सीमा ओलांडते. तिला उभे ठेवणारी माणसे, करार, सवयी आणि विश्वास मागे राहतात. म्हणून नवी प्रथा स्वीकारण्यापूर्वी तिच्या यशाच्या आकड्याइतकीच त्या आकड्याच्या पायाची चौकशी करणे आवश्यक आहे. यशाच्या कथेपेक्षा अपयशाचा प्रामाणिक वृत्तांत दुसऱ्याला अधिक उपयोगी पडतो. परंतु निधीची विद्यमान रचना असा वृत्तांत लिहिणाऱ्याला पुरस्कार देत नाही. तो लिहिण्याला संरक्षण मिळेल अशी तरतूद प्रकल्पाच्या आराखड्यातच असायला हवी. देवघेवीच्या प्रवासात नियम बदलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती सहभागी नसेल, तर शिकलेले ज्ञान प्रकल्पाबरोबर संपते.

कोणतीही सीमापार भागीदारी तपासताना म्हणूनच चार प्रश्न विचारावेत. या भागीदारीमुळे प्रत्येक बाजूने स्वतःचा कोणता नियम बदलला? मिळणारे प्रमाणपत्र कोण मान्य करणार? निधी संपल्यावर खर्च कोण उचलणार? आणि काय साधले नाही, याची नोंद कोठे आहे? ज्या करारात या प्रश्नांची उत्तरे सापडतात, तो लहान असला तरी पुढे नेण्यासारखा आहे. ज्यात ती सापडत नाहीत, त्यावर विसंबून परदेशी निघालेल्या तरुणाला त्यांची उत्तरे स्वतःच्या खर्चाने शोधावी लागतात. ती वेळ त्याच्यावर येऊ न देणे ही करार करणाऱ्या संस्थांची, आणि त्याला तयार करून पाठवणाऱ्या शिक्षकांचीही, जबाबदारी आहे.